विम्यातली चौथी पार्टी

गाडीच्या विम्याचे दोनच प्रकार आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतात. एक 'थर्ड पार्टी' आणि दुसरा 'फर्स्ट पार्टी', म्हणजे ज्याला काही जण 'फुल' म्हणतात. मी अनेकांना विचारून पाहिलं, की पहिली झाली, तिसरी झाली, मग मधली दुसरी पार्टी कुठे गेली? बहुतेक जण हसतात आणि विषय बदलतात. उत्तर तसं सोपं आहे. विमा हा एक करार. त्यात पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि या दोघांशी काडीचाही संबंध नसताना ज्याच्या अंगावर गाडी जाते तो रस्त्यावरचा माणूस तिसरा. पण गाडी कर्जावर घेतलेली असली, की या करारात आणखी एक जण हळूच येऊन बसतो. त्याला कोणी आकडा दिलेला नाही. तो म्हणजे फायनान्सवाला. मी त्याला आपली चौथी पार्टी म्हणते.

नवी गाडी असते तेव्हा या चौथ्याचं अस्तित्व जाणवतही नाही. शोरूममध्ये सगळं एकदमच होतं, सह्या होतात, पेढे वाटले जातात. प्रश्न येतो तो जुन्या गाडीत. आठ-नऊ वर्षांची सेकंडहँड गाडी, तिच्यावर काढलेलं कर्ज, आणि दर वर्षी विमा भरायची वेळ आली की तोच सवाल : "बाई, सरकार म्हणतं थर्ड पार्टी पुरे. मग हा फायनान्सवाला फुल विमाच पाहिजे म्हणून का बसलाय? कायदा मागत नाही ते मागणारा हा कोण?"

सवाल अगदी रास्त आहे. माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे असा सवाल आला की "नियम काय" यापेक्षा "हे आलं कुठून" हे आधी शोधायची खोड आहे. शोधलं तेव्हा लक्षात आलं, की तिसरी पार्टी एका वाटेने आली आणि चौथी अगदी वेगळ्या वाटेने. दोघांची गाठ पडली ती आपल्या आरसी बुकात.

आधी तिसऱ्याची गोष्ट.

अपघातात कोणी गेलं तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागता यावी, असा कायदा आपल्याकडे १८५५ सालीच झाला होता. तेव्हा मोटार जन्मालाही आलेली नव्हती! पुढे १९१४ साली मोटारींसाठी कायदा झाला, पण त्यात नोंदणी, परवाने असा मामला होता. विम्याची सक्ती नव्हती. म्हणजे मोटारीखाली माणूस गेला तर घरच्यांनी दिवाणी कोर्टात जायचं, वर्षानुवर्षं खेटे घालायचे, आणि निकाल बाजूने लागला तरी मोटारवाल्याकडे पैसे असतील तरच हाती काही पडायचं. नसतील तर तो हुकूमनामा चौकटीत लावून भिंतीवर टांगायचा.

इंग्लंडमध्ये तर याहून चमत्कारिक गोष्ट घडली. तिथे हॅरिंग्टन मोटर कंपनी नावाची एक कंपनी होती. तिच्या गाडीने एक माणूस जखमी झाला, त्याला कोर्टाने भरपाईही मंजूर केली. कंपनीचा विमा होता. पण मधेच कंपनीचं दिवाळं निघालं. विमा कंपनीने पैसे दिले, ते गेले दिवाळखोरीच्या खात्यात, आणि १९२८ साली कोर्टाने सांगितलं की ही रक्कम सगळ्या सावकारांची मिळून आहे, जखमी माणसाने इतरांबरोबर रांगेत उभं राहावं. म्हणजे हाडं मोडली याची आणि त्या पैशात वाटेकरी झाले कंपनीचे देणेकरी! यावर तिथे बराच खल झाला आणि १९३० साली दोन कायदे झाले. एकाने मोटारीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, दुसऱ्याने जखमी माणसाला मालकाला ओलांडून थेट विमा कंपनीकडे हक्क सांगता येईल अशी सोय केली. (अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ मध्येच लागू केली होती.)

आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा याच धर्तीवर आला. विम्याचं त्यातलं आठवं प्रकरण मात्र प्रत्यक्ष लागू झालं ते १ जुलै १९४६ पासून. मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं. त्यानंतर हे प्रकरण वाढतच गेलं. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. १९८२ साली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृताच्या घरच्यांना १५ हजार रुपये द्यायचे असं ठरलं. १९८८ च्या कायद्यात ते २५ हजार झाले, १९९४ मध्ये ५० हजार. ही सगळी वाटचाल एकाच माणसासाठी होती, जो त्या विम्याचा एक रुपयाही हप्ता भरत नाही आणि ज्याचं नावही आधी कोणाला माहीत नसतं. मला विचाराल तर आपल्या कायद्यांतल्या मोजक्या सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

आणि म्हणूनच थर्ड पार्टीचा हप्ता गाडीचं वय पाहत नाही. गाडी जुनी झाली म्हणून तिच्याखाली सापडलेल्याला कमी लागतं, असं थोडंच आहे? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये असे आकडे होते. गाडी काल घेतलेली असो की बारा वर्षांपूर्वीची, आकडा तोच. लोक पहिल्या वर्षानंतर विमा भरायचंच सोडून देतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागू लागला. २०१९ च्या दुरुस्तीने बिनविम्याच्या गाडीचा दंड पहिल्या वेळी २ हजार आणि पुन्हा सापडल्यास ४ हजार झाला, शिवाय कैदेचीही तरतूद आहेच.

आता चौथ्याची गोष्ट. ती सुरू होते एका पियानोपासून.

लंडनमध्ये १८९० च्या दशकात एका गृहस्थाने पियानो हप्त्यावर घेतला. छत्तीस महिने भाडं भरायचं, सगळे हप्ते फिटले की पियानो त्याचा, तोवर दुकानदाराचा. त्याने काही महिने हप्ते भरले आणि पियानो सरळ गहाणवट दुकानात नेऊन ठेवला. आता पियानो कोणाचा? मूळ दुकानदाराचा की ज्याने त्यावर पैसे दिले त्याचा? १८९५ मध्ये 'हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज' या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दुकानदाराचीच. भाडे-खरेदी नावाच्या सगळ्या व्यवहाराला या निकालाने पक्का पाया मिळाला. वस्तू एकाच्या घरात, मालकी दुसऱ्याकडे.

पियानो निदान घरात एका जागी तरी बसतो. मोटार रस्त्यावर धावते, आपटते, जळते, चोरीला जाते. म्हणजे सावकाराचं तारण रोज गावभर हिंडत असतं! मग सावकाराला झोप कशी यावी? अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ मध्ये गाड्यांना कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली आणि १९२५ मध्ये त्याच गाड्यांचा विमा उतरवणारी दुसरी. कर्ज आणि विमा ही जोडी तेव्हापासून गळ्यात गळे घालून चालत आली आहे. इथे मुद्दा लक्षात घेण्यासारखा असा, की ही मागणी कुठल्या कायद्याने केलेली नाही. ती कराराने केली. कायद्याला रस्त्यावरच्या माणसाची काळजी होती, कराराला पैशाची.

आपल्याकडे हा व्यवहार वाढला तो ट्रकमुळे. मद्रासला टी. एस. संथानम यांनी १९५४ मध्ये सुंदरम फायनान्स सुरू केली ती ट्रक-बसेसना कर्ज देण्यासाठी. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान वाहतूकदार हा बँकांच्या अग्रक्रमाच्या यादीत आला. तरीही जुन्या ट्रकला कर्ज द्यायला बँका नाखूषच असायच्या. ती जागा खासगी सावकार आणि फायनान्स कंपन्यांनी भरली. १९७९ मध्ये मद्रासलाच स्थापन झालेली श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स तर वाढली ती प्रामुख्याने जुन्या ट्रकच्या कर्जावर. कालचा क्लीनर आज ड्रायव्हर आणि उद्या एका जुन्या ट्रकचा मालक, ही चढण अनेकांनी अशाच कर्जावर चढली आहे, हे विसरून चालणार नाही. फायनान्सवाल्याला नुसत्या शिव्या घालणं सोपं आहे, पण तो नसता तर ती गाडीही दारात आली नसती.

सरकारने हप्ता भरणाऱ्याच्या बाजूने १९७२ मध्ये भाडे-खरेदी कायदा संमत केला खरा, पण तो कधी अमलातच आला नाही. २००५ मध्ये तो रद्द करून टाकला! तेहतीस वर्षं कायदा नुसता कागदावर. मुलांना शिकवताना असं काही सापडलं की माझा तास रंगायचा. असो.

पुढे भाडे-खरेदीची जागा बऱ्याच प्रमाणात तारणकर्जाने घेतली. यात गाडी आपल्या नावावर होते, फक्त आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव चढतं. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो ना, अगदी तसाच बोजा. पण इथे कायद्याने एक पेच घालून ठेवला आहे. १९८८ च्या कायद्यातल्या 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत म्हटलंय, की गाडी भाडे-खरेदीची किंवा तारणाची असेल तर जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक. म्हणजे अपघाताची जबाबदारी आली तर आपण मालक. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गोदावरी फायनान्स कंपनीच्या खटल्यात हेच सांगितलं, की नुसतं नाव आरसीवर आहे म्हणून फायनान्स कंपनीवर अपघाताच्या भरपाईचा बोजा टाकता येत नाही. जबाबदारी ताब्यातल्याची, तारण मात्र सावकाराचं.

आणि पैसे? कर्जाच्या गाडीची विमा पॉलिसी काढून पाहा. शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात 'आयएमटी ५' किंवा 'आयएमटी ७' असं लिहिलेलं सापडेल. पाच म्हणजे भाडे-खरेदी, सात म्हणजे तारण. या एका आकड्याचा अर्थ असा, की गाडीच्या नुकसानीपोटी जी रक्कम निघेल ती, कर्ज आहे तोवर, आधी फायनान्सवाल्याला मिळेल आणि त्याने पावती दिली की विमा कंपनी मोकळी. हप्ता आपण भरायचा, पॉलिसी आपल्या नावाची, पण पहिल्या पानावर जो पहिला आहे तो पैशाच्या वेळी दुसरा होतो.

जुन्या गाडीत हे कसं लागू पडतं ते आकड्यांत पाहू. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे जिला आयडीव्ही म्हणतात ती, २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये ठरवून दिलेल्या कोष्टकाने उतरत जाते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचवं वर्ष भरेपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. तिथून पुढे कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचं. दुरुस्तीचंही तसंच. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के घट, दहा वर्षांपुढे ५० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकवर तर पहिल्या दिवसापासून ५० टक्के. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस'. जुन्या गाडीची आयडीव्ही मुळातच कमी, म्हणून ती लवकर टोटल लॉस होते.

समजा, एकाने नऊ वर्षांची गाडी दोन लाखांना घेतली. पन्नास हजार स्वतःचे, दीड लाख कर्ज. पॉलिसीत आयडीव्ही लिहिली एक लाख वीस हजार. वर्षाच्या आत गाडी संपली, तेव्हा कर्ज एक लाख तीस हजार बाकी आहे. विमा कंपनी थोडी ठरलेली कपात करून एक लाख वीस हजारांच्या आसपास देईल. ते सगळे जातील फायनान्सवाल्याकडे, आणि वरचे दहा-अकरा हजार खिशातून भरायचे. स्वतःचे पन्नास हजार गेले ते गेलेच. लोक म्हणतात, मग या विम्याचा मला काय उपयोग? पण जरा उलटा विचार करा. हा विमा नसता तर गाडीही नाही आणि वर एक लाख तीस हजारांचं देणं. म्हणजे जुन्या कर्जाऊ गाडीचा फुल विमा हा खरं तर गाडीचा विमा नसतोच, तो कर्जाचा विमा असतो. त्यातून हाती काही पडत नाही, पण डोक्यावरचं उतरतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं असंच झालं. भाजी वाहतुकीसाठी त्याने सेकंडहँड छोटा हत्ती घेतला होता. दुसऱ्या वर्षी एजंटने सांगितलं, गाडी जुनी आहे, नुसता थर्ड पार्टी भर, तीन-साडेतीन हजार वाचतील. त्याने तसं केलं. पावसाळ्यात घाटात गाडी घसरून दरीच्या कडेला आडवी झाली. सुदैवाने त्याला खरचटण्यावर निभावलं आणि दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. पण गाडीचा चुराडा. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीला एक पैसा नाही. चौदा हप्ते बाकी होते. त्या फायनान्स कंपनीने दोन वर्षांत एकदाही पॉलिसीची प्रत पाहायला मागितली नव्हती, अपघातानंतर मात्र करारातल्या विम्याच्या कलमावर बरोबर बोट ठेवलं. गाडी भंगारात द्यायची तरी त्यांचा दाखला हवा, आणि दाखला हवा तर आधी पैसे भरा. शेवटी बायकोच्या पाटल्या मोडून त्याने ते प्रकरण मिटवलं. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. "बाई, गाडी नसताना हप्ता भरायचा, याच्यासारखं दुसरं दुःख नाही," असं तो म्हणाला तेव्हा मला बोलायला सुचलं नाही. हप्ते फिटेपर्यंत त्याच्या मुलीची शिकवणी बंद होती, ती मी घेतली, एवढंच.

या सगळ्यात राहिला तो पहिला, म्हणजे खुद्द चालवणारा मालक. तिसऱ्याची सोय १९४६ मध्ये झाली. चौथ्याने आपली सोय आपणच करून घेतली. पहिल्याच्या जिवाचा विचार पॉलिसीत सक्तीने आला तो थेट २००२ च्या टॅरिफमध्ये. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, दुचाकीला एक लाख आणि इतर गाड्यांना दोन लाख. २०१८ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. फायनान्सवाल्याचं नाव पॉलिसीवर असलं तरी या कलमापुरता मालक-चालक म्हणून धरला जातो तो आपणच. कर्जाच्या गाडीवर पोट भरणाऱ्याच्या घरासाठी पॉलिसीतली ही एकच रक्कम खऱ्या अर्थाने त्याची आहे, आणि नेमकी तीच पुष्कळांना माहीत नसते.

म्हणून कोणी विचारलं तर मी आता असं सांगते. फायनान्सवाला फुल विमा मागतो तो कायद्याने नाही, तुमच्या सहीने मागतो, तेव्हा सही करण्याआधी ते कलम वाचा. बहुतेक करारांत असंही असतं, की तुम्ही विमा भरला नाही तर कंपनी स्वतः भरेल आणि ते पैसे तुमच्या कर्जात चढवेल. कोणत्या कंपनीचा विमा घ्यायचा हे मात्र तुम्ही ठरवायचं. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही बोलून ठरते, तेव्हा चार पैसे वाचवायला ती खाली ओढू नका, निदान बाकी कर्जाइतकी तरी राहते का ते बघा. आणि कर्ज फिटलं, की त्याच आठवड्यात दाखला घ्या, फॉर्म ३५ भरून आरसीवरचा बोजा उतरवा आणि पॉलिसीवरचं नावही काढायला सांगा. फुल विमा चालू ठेवायचा की नाही हा प्रश्न खऱ्या अर्थाने तुमचा होतो तो त्या दिवसापासून. थर्ड पार्टीचा प्रश्न मात्र कधीच आपला एकट्याचा नसतो. गाडी कितीही जुनी होवो, तो भरायचाच.